नवा पीसी घ्यायचा की जुन्यालाच हात लावायचा?

भाच्याचा फोन आला. "मामा, पीसी म्हातारा झालाय. सगळे म्हणतात नवाच घे." त्याचा पीसी मला चांगला माहीत होता, जोडताना मी शेजारीच बसलो होतो. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि मागाहून बसवलेलं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. मी विचारलं, "म्हातारा झालाय म्हणजे नेमकं काय होतंय?"

थोडा वेळ तो गप्प. मग म्हणाला, "लॅग होतो रे."

या एका शब्दात आपण बरीच वेगवेगळी दुखणी कोंबतो. गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत संथ चालतो, हे एक. एरवी झकास चालतो पण मधेच झटका देतो, हे दुसरं. गेम उघडायलाच पाच मिनिटं लागतात, हे तिसरं. ऑनलाइन खेळताना आपण गोळी झाडतो आणि समोरचा सेकंदभराने पडतो, हे चौथं, आणि त्याचा बहुतेक वेळा पीसीशी संबंधच नसतो, दोष इंटरनेटचा असतो. ऐन रंगात आलेल्या गेममध्ये पीसी फट्कन बंद होतो, हे आणखी वेगळं. या प्रत्येक दुखण्यामागे पीसीतला वेगळा भाग असतो. म्हणून नवा घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा हा प्रश्न नंतरचा. कोणता भाग थकलाय हे आधी कळायला हवं. एकाच दिवशी विकत घेतलेले भाग एकाच दिवशी जुने होत नाहीत, आणि बहुतेक वेळा एकच भाग बाकीच्यांना मागे खेचत असतो.

एक सांगणारा, एक काढणारा

पडद्यावर हलताना दिसतो तो गेम म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं. त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावं लागतं. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात दोघांना आपापलं काम उरकायचं असतं. प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, रस्त्यावरची गाडी कुठे वळली. मग तो ग्राफिक्स कार्डाला यादी देतो की हे हे काढ. कार्ड ते काढतं: रंग, सावल्या, पाण्यावरची चमक, सगळं. सांगणारा मंद असला तर काढणारा हात बांधून बसतो. काढणारा मंद असला तर सांगणाऱ्याला थांबावं लागतं. दोघांपैकी जो हळू, त्याच्या चालीने गेम चालतो. लोक याला बॉटलनेक म्हणतात.

आता यातली उपयोगाची गोष्ट. रेझोल्यूशन वाढवलं की ओझं जवळजवळ सगळं कार्डावर पडतं. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ज्याला आपण फोर-के म्हणतो, ते सुमारे ८२ लाख ९४ हजार, बरोबर चौपट. कार्डाला चौपट ठिपके रंगवायचे असतात. प्रोसेसरला मात्र फारसा फरक पडत नाही, कारण शत्रू तेवढेच, गाड्या तेवढ्याच, नियम तेच.

यातूनच एक चाचणी निघते, आणि तिला एक पैसा लागत नाही. गेममध्ये जिथे हमखास त्रास होतो तिथे जाऊन उभे राहा. फ्रेमचा आकडा लिहून ठेवा. मग बाकी सेटिंगला हात न लावता रेझोल्यूशन एकदम खाली आणा, १२८० गुणिले ७२० वर. डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या सोयी) चालू असेल तर चाचणीपुरतं बंद करा, आणि फ्रेमवर काही मर्यादा घातलेली असेल तर तीही काढा. चित्र पुसट दिसेल, दिसू द्या. फ्रेम एकदम उसळल्या तर कार्ड थकलंय. फ्रेम जागच्या हलल्याच नाहीत तर कार्ड निवांत आहे आणि प्रोसेसर घाम गाळतोय. भाच्याला फोनवरच हे करायला लावलं. त्याच्या गेममध्ये मोठं शहर आहे आणि त्याचा त्रास तिथल्या गजबजलेल्या चौकात होता. आकडा ४४ होता, रेझोल्यूशन उतरवल्यावर ४६ झाला. गंमत म्हणजे तो नवं कार्ड घ्यायच्या बेतात होता. नवा पीसी नाही तर निदान नवं कार्ड तरी घे, असं मित्रांनी सांगितलं होतं. ते कार्ड आलं असतं तरी चौकात त्याला ४४ च दिसले असते.

"पण मामा, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर चाळीस टक्केच दिसतोय," तो म्हणाला. इथे भलेभले फसतात. टास्क मॅनेजर सगळ्या थ्रेडची, म्हणजे प्रोसेसरमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगांची, सरासरी दाखवतो. त्याच्या प्रोसेसरला सहा कोअर (काम करणारे गाभे) आणि बारा थ्रेड आहेत. गेमचं मुख्य काम बहुधा एका थ्रेडवर चालतं आणि ते बाराजणांत सारखं वाटून देता येत नाही. तो एक थ्रेड शंभर टक्के भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा आठ-साडेआठ टक्क्यांचाच. बाकीचे अर्धे रिकामे असतात, म्हणून सरासरी चाळीस. त्यामुळे प्रोसेसरचा टक्का पाहूच नका, कार्डाचा पाहा. एमएसआय आफ्टरबर्नरसारखं मोफत सॉफ्टवेअर खेळतानाच कोपऱ्यात आकडे दाखवतं. कार्ड ९५ ते ९९ टक्के असेल तर ते जीव तोडून काम करतंय. फ्रेम कमी आहेत आणि तरी कार्ड साठ टक्क्यांवर रेंगाळतंय, तर अडचण पलीकडे आहे.

दुसरा फसवा आकडा सरासरी फ्रेमचा. सेकंदात ९० फ्रेम आल्या, पण त्यातली एक ८० मिलिसेकंद अडकली, तर आकडा ९० च्या आसपासच दिसतो आणि डोळ्याला मात्र स्पष्ट ठेच लागते. म्हणून जाणकार 'एक टक्का लो' बघतात, म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमचा वेग. सरासरी ९० आणि एक टक्का लो ७० असेल तर गेम लोण्यासारखा चालतो. सरासरी ९० आणि लो २५ असेल तर खेळणारा वैतागतो आणि आपल्याला नेमकं काय खटकतंय हे त्याला सांगता येत नाही.

झटक्यांमागे मेमरीही असू शकते. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली पृष्ठभागाची चित्रं) मुख्य रॅममधून ओढून आणावे लागतात, आणि तो रस्ता कितीतरी अरुंद असतो. फक्त टेक्स्चरचं सेटिंग एक-दोन पायऱ्या खाली आणून बघा. झटके थांबले तर कार्डाचा वेग पुरेसा आहे, मेमरी अपुरी आहे. मुख्य रॅम ८ जीबीच असेल आणि मागे ब्राउझरच्या वीस टॅब उघड्या असतील तर विंडोज डिस्कवर सामान हलवायला लागतं, आणि ती डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मग विचारूच नका. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर ते दोनशे एमबीच्या आसपास देते, साटा केबलने जोडलेली एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) सुमारे साडेपाचशे, आणि मदरबोर्डवर आडवी बसणारी एनव्हीएमई एसएसडी तिसऱ्या पिढीची असली तरी साडेतीन हजारांच्या घरात जाते. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर जाणं हा फरक अंध माणसालाही जाणवेल इतका मोठा आहे. पुढे साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर गेम उघडण्यात तेवढी जादू दिसत नाही.

पैसे काढण्याआधी

दुसऱ्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो आणि पीसी टेबलावर आडवा करून कॅबिनेटचं दार काढलं. कूलरचा फॅन सोडवला तर फॅन आणि त्यामागच्या धातूच्या पट्ट्यांच्या मधे धुळीचा अखंड थर होता, नमद्यासारखा दाट, बोटाने उचलला तर एका तुकड्यात निघाला. फॅन जोरात फिरत होता, पण हवा त्या थरावर आपटून परत येत होती. आमच्या अंदाजाने शेवटची सफाई चार वर्षांपूर्वीची. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, कार्डही तसंच करतं. म्हणजे 'जुना झाला' म्हणून टाकायला काढलेला पीसी नुसता गुदमरलेला असू शकतो. धूळ काढताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने ते भलत्याच वेगात फिरलं तर बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही वाळून खडू झालेली असते, ती पुसून नवी लावायची, वाटाण्याएवढी पुरते.

मग मी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं. वेग २१३३ दाखवत होता. रॅमच्या पट्टीवर मात्र ठळक ३२०० छापलेलं. डीडीआर४ रॅम विकत आणून नुसती खोचली तर ती बहुतेक वेळा २१३३ किंवा २४०० वरच चालते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू केलं तरच ती छापील वेगाने पळते, एएमडीच्या काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात आणि डीडीआर५ मध्ये एक्स्पो. इतकी वर्षं हा मुलगा विकत घेतलेल्या वेगाच्या दोन तृतीयांशावर खेळत होता. शिवाय दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत होत्या. चार खाचांच्या बोर्डावर त्या साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात, म्हणजे दोन्ही चॅनेल (रॅमकडे जाणारे रस्ते) एकदम वापरले जातात. शेजारी खोचल्या की एकाच चॅनेलवर सगळी वाहतूक होते. पहिल्या पिढीच्या रायझनला रॅमचा वेग फार मानवतो, त्यामुळे एक पट्टी उचलून दुसऱ्या खाचेत घालणं आणि बायोसमधलं एक सेटिंग बदलणं एवढ्याने चौकातले ४४ चे ५३ झाले. एक्सएमपी चालू केल्यावर पीसी सुरूच झाला नाही तर घाबरू नका, जुन्या बोर्डांवर कधीकधी ३२०० झेपत नाही, २९३३ वर ठेवून बघा.

आणखी दोन गोष्टी मी सगळ्यांकडे तपासतो, कारण त्या मला वारंवार सापडल्या आहेत. मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, म्हणजे १४४ हर्ट्‌झचा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मात्र ६० निवडलेलं. आणि मॉनिटरची केबल कार्डात न लावता वरच्या बाजूला मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावलेली. या दुसऱ्या चुकीने महागडं कार्ड असूनही चित्र, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर, त्या छोट्याशा ग्राफिक्सवर चालतं.

एक भाग बदलला की किती भाग हलतात

एवढं करूनही भागत नसेल तर मग खर्चाकडे वळायचं. इथे मी एकच गोष्ट बघतो: हा भाग बदलला तर त्याच्यामागे आणखी किती भाग ओढले जातील, आणि त्यातले किती पुढच्या पीसीत सोबत येतील.

एसएसडीची साखळी सगळ्यात छोटी. ती आज घ्या, पुढच्या पीसीत काढून लावा. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

कार्डाची साखळी मधली. नवं कार्ड घ्यायचं तर आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बघावा लागतो. मदरबोर्डची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते, आठ पिनांची प्रत्येक केबल १५० वॅट, सहा पिनांची ७५. म्हणजे दोन आठ-पिनी केबलींच्या कार्डाला कमाल ३७५ वॅट मिळू शकतात. पण आधुनिक कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या कितीतरी वर उडी मारतात, आणि ती उडी जुन्या किंवा हलक्या एसएमपीएसला सोसत नाही. खेळताना पीसी फट्कन बंद पडत असेल आणि तापमान ठीक असेल तर पहिला संशय माझा याच्यावर असतो. एसएमपीएसमध्ये काटकसर करू नये असं मी कळकळीने सांगतो, कारण तो बिघडला तर सोबत इतरांनाही घेऊन जाऊ शकतो. आणि मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणारा) एसएमपीएस बदललात तर केबली त्याच्याच वापरा. जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्यात खोचता येतात, पण त्या बाजूच्या पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, आणि चुकीच्या केबलीने डिस्क आणि बोर्ड जळाल्याची उदाहरणं आहेत.

कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का हे टेप लावून मोजा. पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे कार्ड जिथे बसतं त्या खाचेची, पिढीही बघा. साधारणपणे नवं कार्ड जुन्या तिसऱ्या पिढीच्या खाचेत थोड्याशा घटीने चालतं. काही स्वस्त कार्डांचं मात्र तसं नसतं. २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी अवघ्या चार लेनचं (माहिती ये-जा करायच्या वाटांचं) होतं आणि मेमरी ४ जीबी, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याचा दम लवकर सुटायचा. म्हणजे ज्यांचा पीसी जुना त्यांनाच हे कार्ड सगळ्यात कमी उपयोगी. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते, ती जुन्या बोर्डात नसेल तर ते कार्ड घेऊ नका.

तरी कार्ड आणि एसएमपीएस दोन्ही पुढच्या पीसीत जातात. तो पैसा अडकत नाही.

प्रोसेसरची साखळी सगळ्यात लांब आणि तिथेच खरा निर्णय असतो. प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या बैठकीत, बसतो, सॉकेट बदललं की मदरबोर्ड बदलतो, बोर्ड बदलला की रॅमही बदलू शकते. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या पट्टीला २८८ टोकंच असतात, पण मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हणजे तीन भाग एकदम. त्यात २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरच्या मागणीने रॅमच्या किमती भडकल्या, त्यामुळे हाताशी असलेल्या डीडीआर४ पट्ट्यांची किंमत करायला शिका.

म्हणून प्रोसेसर थकलाय असं दिसलं की पहिला प्रश्न असा: माझ्याच सॉकेटमध्ये बसणारा याहून चांगला प्रोसेसर आहे का? एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांचं नशीब इथे थोर. पहिले रायझन २०१७ च्या मार्चमध्ये आले, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच सॉकेटवर रायझन ७ ५८००एक्स३डी आला. त्याची तिसऱ्या पातळीची कॅशे मेमरी ९६ एमबी. प्रोसेसरला पुन्हा पुन्हा लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता हाताशीच मिळते, आणि गेममध्ये नेमकं तेच लागतं. २०२४ मध्ये त्याचा थोडा हळू भाऊ ५७००एक्स३डी आला. बायोस अपडेट केलं तर हे दोन्ही २०१७ च्या कितीतरी बोर्डांवर चालतात. नवा नग मिळत नसेल तर वापरलेला चालेल, प्रोसेसर सहसा झिजत नाही.

इंटेलकडे चित्र वेगळं. सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींचं सॉकेट एलजीए ११५१ च, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर सातव्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. नुसतं सॉकेटचं नाव जुळलं म्हणून प्रोसेसर घेऊन आलेले आणि डोक्याला हात लावून बसलेले लोक मी पाहिलेत. एलजीए १७०० वाल्यांना मात्र वाव आहे, बाराव्या पिढीचा पीसी असेल तर त्याच बोर्डावर तेरावी-चौदावी बसते. फक्त आधी बायोस अद्ययावत करा. त्या दोन पिढ्यांच्या वरच्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होण्याचा त्रास होता, इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची सुधारणा) दिला. वापरलेला नग घेताना हे विशेष लक्षात ठेवा, कारण झालेलं नुकसान अपडेटने भरून निघत नाही.

सॉकेटमध्ये वर चढायला पायरीच उरली नसेल आणि प्रोसेसर चार कोअरचा असेल, तर मी तरी त्या जुन्या बोर्डावर आणखी पैसे घालणार नाही. अशा वेळी नवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घ्यावी. एएमडीचं एएम५ सॉकेट २०२२ चं आहे, त्यात डीडीआर५ च चालते, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला साथ देऊ असं कंपनीने सांगितलं आहे. पण याला 'नवा पीसी' म्हणतानाही जुना एसएमपीएस चांगला असेल तर तो, कॅबिनेट, एसएसडी, मॉनिटर आणि कार्ड ठेवता येतं. तयार ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये मात्र बोर्ड आणि एसएमपीएस अनेकदा त्या कंपनीच्याच आकाराचे असतात, दुसरे बसतच नाहीत. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा रॅम आणि एसएसडीपलीकडे काही हलत नाही, आणि काहींत रॅमही बोर्डावर चिकटवलेली असते.

बाहेरून बंद होणारी दारं

पीसी धडधाकट असूनही निरुपयोगी होऊ शकतो, कारण गेम आणि विंडोज पुढे सरकतात. हे वय कॅलेंडरवर मोजता येत नाही. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये आठ कोअर होते पण फार हळू, आणि एकूण मेमरी ८ जीबी. मोठे गेम त्या यंत्रावर चालायला हवेत म्हणून बनवले जायचे, तोवर चार कोअरचा पीसी आरामात तग धरून होता. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले. दोघांत एएमडीचे झेन २ पिढीचे आठ कोअर, १६ जीबी मेमरी आणि वेगवान एसएसडी. गेम बनवणाऱ्यांनी जुन्या कन्सोलचा हात सोडला तसे जुने पीसी एकदम धापा टाकायला लागले. अनेकांना वाटलं पीसी बिघडला. पीसी होता तसाच होता, मोजपट्टी बदलली होती.

कार्डांचंही तसंच. २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' हार्डवेअर रे-ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करायची कार्डातली खास सोय) असलेल्या कार्डाशिवाय चालूच होत नाही. जीटीएक्स १०८० टीआयमध्ये ११ जीबी मेमरी आहे, कच्चा वेगही आहे, पण ती सोय नाही. त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणंही एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील.

तिसरं दार विंडोजचं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. 'तुमचा पीसी चालणार नाही' असा संदेश आला तरी लगेच हार मानू नका. पुष्कळ बोर्डांत टीपीएम असतं पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं, एएमडीवर एफटीपीएम आणि इंटेलवर पीटीटी या नावाने. काही ऑनलाइन गेमचं चीटविरोधी सॉफ्टवेअरही आता टीपीएम आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय) मागतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्याशिवाय चालत नाही.

मॉनिटरबद्दल थोडंसं. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर सेकंदाला साठांपेक्षा जास्त फ्रेम तो दाखवू शकत नाही. अशा घरात मोठं कार्ड आणलं तर डोळ्याला फार काही मिळत नाही. उलट फोर-के मॉनिटर हौसेने आणला की कालपर्यंत धावणारं कार्ड एका दिवसात म्हातारं होतं, चौपट ठिपक्यांचं वर सांगितलंच. म्हणून आपण काय खेळतो आणि कुठल्या पडद्यावर, हे आधी ठरवा.

भाच्याचं काय झालं ते सांगतो. त्याचा प्रोसेसर थकलेला, सॉकेट एएम४, म्हणजे वर चढायला पायरी होती. शिवाय रायझन १६०० विंडोज ११ च्या यादीत नाही, त्यामुळे प्रोसेसर बदलला की दोन्ही अडचणी एकदम सुटणार होत्या. आम्ही वापरलेला ५७००एक्स३डी घ्यायचं ठरवलं. जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट केलं. हा क्रम चुकला तर नवा प्रोसेसर बसवल्यावर पडदा काळाच राहतो. अपडेट चालू असताना वीज जाऊ नये म्हणून पीसी यूपीएसवर ठेवला होता आणि त्या चार-पाच मिनिटांत भाचा पडद्यावरून नजर हलवत नव्हता.

मग कूलर. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून त्याला चिकटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम केली, पीसी बंद करून स्क्रू सोडवले आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत राहिलो. 'चट्' असा बारीक आवाज आला आणि तो सुटला, प्रोसेसर जागेवरच राहिला. नवा बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला. तो आपल्या वजनानेच खाली बसतो, दाब द्यावा लागला तर काहीतरी चुकतंय.

चौकात आता कार्ड ९७ टक्क्यांवर असतं आणि फ्रेम ऐंशीच्या वर. म्हणजे आता मंद कोण, तर कार्ड. ते त्यालाही दिसतंय, आणि त्याच्या कार्डात रे-ट्रेसिंगची सोय नाही हेही त्याला ठाऊक आहे. पण ती खरेदी त्याने पुढे ढकलली आहे. कार्ड येईल तेव्हा एसएमपीएसही येईल, आणि एएम५ वर जायची वेळ येईल तेव्हा दोन्ही सोबत जातील. त्याचा जुना १६०० प्लास्टिकच्या डबीत पिना वर करून कपाटात ठेवलाय. कधी नवा प्रोसेसर रुसला तर दोष बोर्डाचा की त्याचा, हे हा जुना बसवून दहा मिनिटांत कळेल.